जाजो, येजो

खिचडीचा गंज घासून झाला की पंचफुलाबाई
पदराला हात पुसत वर्गाच्या दारात येते.
आज हातात फोन होता.
‘मास्तर, जवायाले इंग्रजीत लिवून द्या.
त्याले आपलं कळत नाही, मले त्याचं.’

जावई कोट्टायमचा. नाव जिजो.
नागपूरच्या दवाखान्यात हर्षलाच्याच वॉर्डात होता,
रात्रपाळीत जुळलं.
आर्वीच्या अलीकडे कुणाला ते नाव धड घेता येत नाही,
पंचफुलाबाईला मात्र पहिल्या दिवसापासून खात्री :
‘जिजो म्हणजे जगजो. मायनं नावातच देऊन ठेवलं.’

काय लिहू?
‘लिवा, तिले चहाबिगर सुदरत नाही, देत जाजो.
दुखणं आंगावर काढते, इचारत रायजो.
दिवाळीले येजो, दोघंही.’

मी खुर्ची ओढली. एकवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय,
तीन वाक्यं ती काय.
यू शुड गिव्ह.
वाचून पाहिलं तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना,
पाणीपट्टी वेळेत भरावी, तशी.
खोडलं.
यू हॅड बेटर गिव्ह.
हॅड आहे, पण गोष्ट उद्याची.
पुढे क्रियापद मूळ रूपात, मध्ये टू घालायचा नाही,
हे पोरांना दरवर्षी सांगतो.
त्या वाक्याच्या पाठीमागे एक काठी लपवलेली असते
हे सांगायचं राहतं.
सासूनं पहिल्याच निरोपात काठी?
तेही खोडलं.

‘साधं लिवा न जी. आस हाय म्हनून लिवा.’

आशेलाही तिकडे दोन दारं.
होप म्हटलं की पुढे साधा वर्तमानकाळ चालतो,
जणू चहा रोज दिला जातोच आहे.
विश म्हटलं की क्रियापद एक पाऊल मागे सरतं.
आय विश शी वेअर हियर.
हे तिनं सांगितलं नव्हतं, माझ्याच हातून उतरलं.
मी वाचलं, अर्थ सांगितला.
‘वेअर म्हणजे?’
होते. अनेकवचन.
‘एकटीले अनेकवचन कायले?’
ती इथं नाही म्हणून, मी म्हटलं.
जे नाही, त्याचं असं लिहितात.

बराच वेळ ती बोलली नाही.
बाहेर उपड्या गंजावर एक कावळा
शीत शोधत होता.
‘हे धाडू नका,’ म्हणाली.
‘हे कागदावर लिवून द्या. मले.’

शेवटी होपच ठेवलं.
तीन वाक्यं, व्याकरणात पक्की,
आणि तिन्हींत जो कुठेच नाही.
कारण जाजो म्हणजे जा नव्हे, जावं नव्हे,
जाशील अशी आशा आहे, हेसुद्धा नव्हे.
आत्ता नको, तुझ्या सवडीनं,
पण विसरू नको,
आणि तेव्हा मी बघायला नसेन.
एसटी हलल्यावर खिडकीच्या गजाला हात लावून
दोन पावलं सोबत चालतात ना बाया,
तेवढंच अंतर त्या अक्षराला पुरतं.
मी दाखवलं तिथं तिनं बोट दाबलं. गेलं.

दुसऱ्या दिवशी ऐन गणिताच्या तासाला
उत्तर घेऊन आली.
थँक यू अम्मा. टी आय ॲम गिव्हिंग डेली.
दिवाळी वी कम.
यू ऑल्सो ईटजो. स्लीपजो.

हर्षला घरात बोलत असणार, यानं ऐकून
शेपूट उचललं आणि लावून दिलं.
माझ्या खिशात लाल पेन.
पोरं भागाकार सोडून वर बघत होती.
‘बरोबर हाय का, मास्तर?’

मी पुन्हा एकदा वाचलं.
‘बरोबर हाय,’ म्हटलं.